कपाट यायचं राहिलंय

स्टुलावर चढताना धाकटीनं डावा पाय आधी ठेवला आणि अंगाचा भार थोडा भिंतीकडे झुकवला. गळ्यातली टेप काढून तिनं कपाटाच्या माथ्याला लावली, दुसरं टोक खाली सोडलं आणि मान वाकडी करून आकडा वाचला. मगच तिच्या ध्यानात आलं, की हे स्टूल डुगडुगतं असं आपल्याला इथं कुणी सांगितलेलं नाही.

घरच्या बाई स्टूल धरायला म्हणून पुढे झाल्या होत्या. त्यांचे हात तसेच हवेत राहिले.

"पहिल्यांदा चढणारा पडतोच यावरून," त्या म्हणाल्या. "आमचे हे तर दोनदा पडले. तुम्हाला बरं जमलं."

धाकटी खाली उतरली आणि वाकून बघायला लागली. स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून खिळे ठोकलेले होते, आणि त्यातला एक खिळा वाकडा होता. तो वाकडा कसा झाला हे तिला ठाऊक होतं. हातोडी खिळ्यावरून घसरून तिच्या नवऱ्याच्या अंगठ्यावर बसली होती, आणि अंगठा तोंडात धरून तो खोलीभर जे नाचला होता त्यावर दोघांनाही हसू आवरेना. शेवटी शेजारीण दार वाजवून विचारायला आली होती, काय झालं म्हणून.

ते स्टूल तिनं स्वतःच्या हातानं काकांना देऊन टाकलं होतं.

"हे कुठनं आणलंत?" तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"काकांकडून. आणि कुठनं आणणार?" बाई म्हणाल्या. "तुमचंही सगळं त्यांच्याकडचंच ना?"

काका म्हणजे जुन्या सामानाच्या दुकानाचे मालक. आत्ता ते खाली होते. कपाट जिन्याच्या वळणावरून अखंड उतरेल की सुटं करावं लागेल, यावर हमालांशी त्यांची हुज्जत चालली होती आणि ती इथवर ऐकू येत होती. त्यांचं दुकान म्हणजे बंद पडलेल्या एका छापखान्याची लांबच लांब खोली. तिथं सामान आढ्यापर्यंत रचलेलं असायचं. माणूस गोड बोलणारा, भाव मात्र एका पैशानं खाली यायचा नाही. आणि त्यांची एक अट असायची. वस्तू न्यायची तर घरातली एखादी वस्तू आणून द्यायची, मग ती मोडकी का असेना. पैसे वेगळे, ते तर घ्यायचेच. "जागा झाल्याशिवाय दुसरी वस्तू घरात बसत नाही, ताई," असं ते म्हणायचे. धाकटीला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं जरा फिरलंय, पण सामान चांगलं देतो. शिवाय मोडकंतोडकं आपसूक घराबाहेर जात होतं, भंगारवाल्याशी घासाघीस करायचा त्रास वाचत होता. तिनं कधी हरकत घेतली नाही.

गेल्या काही वर्षांत तिच्या घरात जे जे आलं ते असंच आलं. लोखंडी खाट गेली आणि डबलबेड आला. घडीच्या खुर्च्या गेल्या आणि जेवायचं टेबल आलं, सहा खुर्च्यांचं. पाण्याचं पिंप गेलं, फ्रीज आला. स्टूल गेलं त्याच्या बदल्यात माणसाच्या उंचीचा आरसा आला, तेव्हा तर आपण काकांना चांगलंच गुंडाळलं असं तिला वाटलं होतं.

दिवसच तसे पालटले होते. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. ग्रीसनं माखलेले हात चिंधीला पुसत घरी यायचा. तो आता साहेब झाला होता. हाताखालची माणसं इमारतींतून फिरायची आणि तो फोनवर बोलायचा. धाकटी स्वतः एका खोलीत मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची. तिला शाळांच्या गणवेशांचं काम मिळालं, मग मदतीला दोन बायका आल्या, मग भाड्याचा गाळा आला. लाँड्रीमागच्या त्या एका खोलीतून ती तिघं लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला गेली. बँकेचा हप्ता वेळेवर जात होता आणि तो जाऊन चार पैसे हातात उरत होते. थोरली बहीण घर बघायला आली, तेव्हा तिनं फ्रीज उघडून आत डोकावून पाहिलं, बेडवर बसून गादी दाबून पाहिली, आरशात स्वतःला मागून-पुढून बघितलं आणि म्हणाली, "नशीब काढलंस गं." थोरलीच्या तोंडून चांगला शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढण्यातला प्रकार. धाकटी त्या दिवशी हवेतच होती.

तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. जे खुपत होतं ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

म्हणजे बघा, टेबलाला सहा खुर्च्या आणि घरात माणसं तीन. ती, नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. पण खिडकीकडच्या खुर्चीवर कुणीच बसत नसे. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. एकदा मुलगी तिथं बसायला गेली आणि अर्ध्यातून उठून दुसरीकडे बसली. "का गं?" धाकटीनं विचारलं, तर ती म्हणाली, "तिथं नको." पुढे ती काही बोलली नाही आणि धाकटीनंही खोदून विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, हे तिला मागाहून विचित्र वाटत राहिलं.

आणि झोप. जुन्या खाटेवर दोघं इतकी दाटीवाटीनं झोपत, की एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याला सांगून, दोघांनी मिळून बदलावी लागे. तरी मेल्यासारखी झोप लागायची. डबलबेडवर ऐसपैस जागा होती आणि दोघं दोन कडांना डोळे मिटून पडून राहत. तो जागा आहे हे तिला कळायचं, ती जागी आहे हे त्याला कळायचं, आणि तेवढ्यावरच राहायचं. जुन्या खोलीत असताना ती त्याला खुशाल अरे-तुरे करायची. तो साहेब झाल्यावर माणसं घरी यायला लागली, म्हणून चारचौघांत तिनं 'अहो' सुरू केलं, आणि चारचौघं निघून गेल्यावरही ते 'अहो' तसंच राहिलं. मुलगीही आता स्वतःच्या खोलीत असायची, दार लावून.

आपलं बरं चाललंय ना? एवढंच तिला नवऱ्याला विचारायचं होतं. विचारू विचारू म्हणता वर्ष होत आलं होतं. एकदा जेवताना तिनं धीर केला. "अहो, ऐका ना," असं ती म्हणाली आणि त्यानं मान वर केली. इतक्या झटकन केली, की जणू तो त्या हाकेचीच वाट बघत होता. "मीठ द्या," ती म्हणाली. त्यानं मीठ पुढे सरकवलं आणि तो पुन्हा खाली बघून जेवायला लागला. तो 'हो' म्हणाला असता तर तिला ते खरं वाटलं नसतं. आणि 'नाही' म्हणाला असता तर पुढे काय, याचा विचार तिच्याच्यानं करवत नव्हता. एवढं सगळं कमावून शेवटी हेच ऐकायचं असेल, तर ते न ऐकलेलं बरं.

आता घरात फक्त कपाट यायचं राहिलं होतं. कपडे अजून जुन्या खोलीतून आणलेल्या पत्र्याच्या पेटीतच होते. काका म्हणाले होते, "कपाट आहे माझ्या नजरेत, पण ते दुकानात आणण्याजोगं नाही. जागेवर जाऊनच बघा." आपल्याकडे येणाऱ्या वस्तू कुणाच्या घरातून येतात, हे बघायची तिच्यावर आजवर वेळच आली नव्हती. गाळ्यातून उठून, टेप गळ्यात तशीच ठेवून ती निघाली होती.

"पाणी आणते तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

धाकटी एकटी उभी राहिली. कपाट सोडलं तर ती बैठकीची खोली रिकामीच होती, आणि रिकामी असल्यामुळेच आता तिला भिंती दिसायला लागल्या. रंग जुना झाला होता. जिथं सामान टेकून उभं होतं तिथं तेवढा तो नवा राहिला होता. दारातून आल्यावर डाव्या हाताला आरशाएवढा उभा चौकोन. खिडकीखाली खुर्च्यांच्या पाठी घासून पडलेली आडवी रेघ. स्वयंपाकघराच्या दाराशी फ्रीजच्या उंचीचा उजळ पट्टा. धाकटीच्या घरात आरसा दारातून आल्यावर डाव्या हाताला होता. टेबल खिडकीशी होतं. फ्रीज स्वयंपाकघरात ठेवा, बाहेर कशाला, असं नवरा म्हणाला होता, तर ती त्याच्याशी वाद घालून बसली होती, की नाही, तो या दाराशीच चांगला दिसतो. सामान लावायला नजर लागते आणि ती आपल्याला आहे, असं ती लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

ती भिंतीपासून दोन पावलं मागे सरकली.

बाईंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची उघडून पुढे केली. धाकटी बसली. खुर्चीच्या कापडाला पाठीमागे दुहेरी शिलाई मारलेली होती, चांगल्या जाड दोऱ्याची. ती तिच्या पाठीला बरोबर लागली. तिनं पाणी पिऊन टाकलं.

आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता.

"आमचे हे," बाई कौतुकानं म्हणाल्या. "भर दुपारी. या, बघा तर खरं."

परक्या पुरुषाला झोपलेलं काय बघायचं, असं धाकटीच्या मनात आलं, पण पाय त्यांच्या मागून निघाले होते. बाईंनी दार हळूच लोटलं. हिरवा रंग उडालेल्या लोखंडी खाटेवर एक थोराड गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. एक पाय खाटेबाहेर आला होता. निजलेल्या तान्ह्या मुलाकडे बघावं तसं बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"किती वर्षं डोळ्याला डोळा नव्हता यांच्या," त्या कुजबुजल्या. "डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. ही खाट आली त्या दिवसापासून हे असं. अरुंद आहे, कूस बदलायची तर सांगावं लागतं एकमेकांना. मग हसत सुटतो दोघं. या वयात."

धाकटीनं खाटेवरून नजर काढली.

"लोक म्हणतात, यांचं बसलं," दार ओढून घेत बाई म्हणाल्या. "धंदा गेला, गाडी गेली, महिनाअखेरीला हे घरही सोडायचंय. येऊन हळहळतात बिचारे. त्यांना काय सांगणार? तुम्हाला म्हणून सांगते, आमचं बरं चाललंय. पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं."

"घर सोडून जाणार कुठं?"

"बघितलीय एक खोली. लाँड्रीच्या मागच्या अंगाला. लहान आहे, पण उजेड आहे."

"मोरीवरची खिडकी नुसती ढकलून उघडत नाही," धाकटी म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिनं ते ऐकले. "आधी वर उचलायची, मग ढकलायची."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. मग स्टुलावर जपून बसत त्यांनी विचारलं, "खिडकीकडच्या खुर्चीवर कुणी बसत नाही ना तुमच्याकडे?"

धाकटीनं मानेनंच नाही म्हटलं.

"आमच्याकडेही नाही बसायचं. मी यांना विचारलं होतं, कुणाची असेल ती? हे म्हणाले, आपल्या आधीच्यांपैकी असेल कुणाची तरी."

"आधीच्यांपैकी?"

"मग? आम्ही काय कोरं सामान घेतलं होतं? आमचे बरे दिवस आले तेव्हा काकांकडूनच एकेक आणलं. एक द्यायचं, एक आणायचं. काकांचे केस तेव्हाही असेच पांढरे होते. कपाट बघायला मीही अशीच गेले होते त्या घरी. तिथल्या बाई माझीच सतरंजी अंथरून बसल्या होत्या."

खाली हमालांचा आवाज चढला आणि पुन्हा खाली आला. धाकटीनं पेला जमिनीवर ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "ती खाट मला परत द्या. तुम्ही दिलेत त्याच्या दुप्पट देते. तिप्पट देते. तुमचा डबलबेड तसाच घेऊन जा, एक पैसा नको मला."

बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा मऊ झाला.

"मीही हेच म्हणाले होते त्यांना. सतरंजी परत द्या म्हणून. रडले होते मी तर."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अजून कपाट यायचं राहिलंय तुमच्याकडे. ते आलं की मागावंसं वाटत नाही. मग कुणाला काही विचारावंसंही वाटत नाही."

"खरं झालं ते?"

"झालं की." बाईंनी कपाटाच्या कडेवरून हात फिरवला. कपाट सुरेख होतं, यात वाद नव्हता. गडद लाकडाचं, मोठ्या दारांचं, कुलपाजवळ बोटांनी गुळगुळीत झालेलं. "कपाट आलं आणि घर कसं शांत झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. फार चांगली वर्षं होती म्हणतात ती आमची. मुलगा शिकला, मोठा झाला, लांब नोकरीला लागला. तो मोठा कधी झाला ते मला आठवत नाही. फोटो आहेत. फोटोत मी त्याच्याशेजारी उभी आहे, हसतेय चांगली. पण तो दिवस काही केल्या आठवत नाही. काल कपाट रिकामं केलं, कपडे सगळे बाहेर काढले, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, त्याला फोन करून विचारावं."

"काय?"

"काय विचारतात? बरं चाललंय ना तुझं, म्हणून."

"केलात फोन?"

"केला. तो म्हणाला, काय झालं, पैसे हवेत का?"

बाई हसल्या. मग पदरानं त्यांनी नाकाचा शेंडा पुसला आणि सरळ धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं.

"खरं तर तुला घेऊ नकोस म्हणायला हवं मी," त्या म्हणाल्या. त्या एकेरीवर कधी आल्या ते दोघींनाही कळलं नव्हतं. "पण नाही म्हणत. मला ते या घरातून जायला हवंय. तुझी पेटी इकडे आली की आमचं सगळं जागच्या जागी लागेल. माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही."

जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला आणि काका दारात उभे राहिले. शर्टाच्या बाहीनं त्यांनी कपाळ पुसलं.

"काय ठरलं, ताई? अखंड उतरतंय. उगाच घाबरवलं मला या लोकांनी. तुमच्या साहेबांचा फोन येऊन गेला मघाशी, टेम्पोचं काय करायचं म्हणून."

नको. एवढाच शब्द होता आणि तो धाकटीच्या तोंडात तयार होता. पण नको म्हटलं तर घरी जाऊन का ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर खाटेचं सांगावं लागणार, झोपेचं, खुर्चीचं, आणि हे सगळं सांगून झाल्यावर तो प्रश्नही विचारावा लागणार. मग तो मान वर करणार. मग तो काय म्हणतो ते ऐकत त्याच्यासमोर उभं राहावं लागणार. धाकटी त्या कपाटाला घाबरली होती, अगदी मनापासून घाबरली होती. पण नवऱ्याच्या उत्तराची तिला त्याहून जास्त भीती वाटत होती. आणि ती दमली होती. 'काही विचारावंसं वाटत नाही' हे बाईंचे शब्द तिला कुणीतरी अंगावर पांघरूण घातल्यासारखे वाटले होते.

"पाठवा," ती म्हणाली. "आजच पाठवा."

काकांनी खाली हाक मारली. बाई उठल्या, स्टूल काखोटीला मारून आत निघून गेल्या आणि हमाल कपाट उचलेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

कपाट कुठं ठेवायचं, असं हमालांनी तिच्या घरी आल्यावर विचारलं, तेव्हा तिनं न बघताच निजायच्या खोलीतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. ते तिथं असं बसलं, की दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. पेटीतले कपडे तिनं बेडवर ओतले. हमाल रिकामी पेटी घेऊन गेले; ती जिन्यावर आपटत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग धाकटीनं दारं उघडली. आत कसलाच वास नव्हता. इतक्या जुन्या लाकडाला काहीतरी वास असायला हवा, असं तिला वाटून गेलं आणि ती कामाला लागली.

आधी तिनं आपले कपडे घेतले. कुठला कप्पा कशाला, हे ठरवावं लागलं नाही. हात आपोआप जात होते. एकेक घडी आत जायची आणि तिला हलकं वाटायचं. दुपारपासून छातीत धडधडत होतं ते थांबलं. मग मुलीचे कपडे लावले. दुपारी आपण कुठल्याशा बाईंपुढे रडकुंडीला आलो होतो, हे तिला एकदा आठवलं. कशासाठी, ते आठवायला ती क्षणभर थांबली आणि मग तिनं पुढची घडी उचलली.

दिवेलागणीला नवरा आला. नेहमीसारखा फोनवर बोलत आला नाही. निजायच्या खोलीच्या दारात येऊन तो उभा राहिला. कपाटाकडे त्यानं नीट पाहिलंही नाही.

"आज लाँड्रीच्या रस्त्यानं आलो," तो म्हणाला. "आपल्या खोलीला कुलूप आहे. उगाच उभा राहिलो थोडा वेळ. लाँड्रीवाला विचारत होता, काय साहेब, वाट चुकलात का."

"हो का," ती म्हणाली.

तो बेडच्या कडेला टेकला. तिथं आता फक्त त्याचे कपडे उरले होते. त्यानं ते थोडे बाजूला सरकवले. कितीतरी दिवसांनी तो तिच्याकडे सरळ बघत होता. बोलायला त्याला जड जात होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

"अगं, एक विचारू? राग मानू नकोस. बरेच दिवस विचारीन म्हणतोय, पण धीर होत नव्हता." त्यानं घसा साफ केला. "आपलं बरं चाललंय ना?"

धाकटीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. शब्द ओळखीचे होते. कुणीतरी आपल्याला ते कधीतरी विचारणार होतं, की आपणच कुणाला विचारणार होतो, असं काहीतरी होतं. तिनं मनात चाचपून पाहिलं. तिथं सगळं नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

"छान चाललंय की," ती म्हणाली आणि हसली. हसणं अगदी चांगलं होतं. "तुमचे कपडे द्या ना तेवढे. तेही लावून टाकते."

बेडवरचे शर्ट त्यानं उचलले आणि तो उठून उभा राहिला. मग मात्र तो पुढे आला नाही. शर्टांचा तो बोचका त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून ठेवला आणि तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला.

"द्या," ती म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला.